धाकट्या जावेचे क्लॉज

इंग्रजीतले क्लॉज समजत नाहीत म्हणून कोणी माझ्याकडे आलं, की मी आधी विचारते, मराठी नीट येतं ना? येत असेल तर निम्मं काम झालेलं आहे. पेणच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, त्या जोरावर सांगते, उगाच हवेत बोलत नाही. पण लोकांना पटत नाही. पोराला व्याकरण जमत नाही म्हटलं की उचलतात आणि टाकतात इंग्रजी माध्यमात, आणि दोन वर्षांनी संध्याकाळी माझ्याच दारात उभे राहतात, जरा बघता का म्हणून. बघते मी. पण आधी चार शब्द सुनावते, मग बघते.

क्लॉज म्हणजे काय, तर मोठ्या वाक्याच्या पोटातलं छोटं वाक्य. त्यातलं एक स्वतःच्या पायावर उभं राहतं, ते मेन क्लॉज. बाकीची त्याला धरून असतात, ती सबॉर्डिनेट. 'पाऊस पडला तर' एवढंच बोलून मी गप्प बसले, तर समोरचा माझ्या तोंडाकडे बघत राहील, की तर काय बाई? एवढंच ते प्रकरण आहे. पण मार्गदर्शक पुस्तकांनी त्याची अशी काही नावं आणि प्रकार करून ठेवलेत की पोरं पहिल्या पानालाच घाबरतात. मी पुस्तक मिटायला लावते. आमच्या भागातली पोरं समोर असतात, तेव्हा सरळ गणपतीच्या कारखान्यात शिरते. मूर्तीचं धड वेगळ्या साच्यातून निघतं, हात वेगळ्या साच्यातून. धड पाटावर ठेवलं की उभं राहतं. हात ठेवा बघू उभा. नाही राहत. पोरं हसतात, आणि हसलेलं पोर सहसा विसरत नाही.

हे मला सुचलं त्याचं कारण आमचं घर. पेण आणि जित्याच्या मधल्या एका गावात आम्ही राहतो. घराला लागूनच कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, ते गेल्यावर धाकटा दीर चालवतो. आमचे हे थोरले, पण ते रोह्याकडच्या कंपनीत शिफ्टला लागले आणि तिकडचेच झाले. मातीची धूळ नाकात गेली की त्यांना शिंकांवर शिंका येतात. त्यामुळे कारखाना दिराकडे गेला आणि कोणाच्या पोटात दुखलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, तू तुझी शाळा बघ गो, मातीत हात घालू नको, तुझ्या जिभेने मूर्तीला तडे जातील. तेव्हा रागच आला होता. आता वाटतं, बाईने माणूस बरोबर ओळखलं होतं.

मातीत हात घातला नाही, तरी कारखान्याचं एक काम माझ्याकडे होतं. आमच्या मूर्ती परदेशातल्या मंडळांना जातात. त्या बोटीने जायच्या म्हणून त्यांची तयारी थंडीतच सुरू होते. त्या मंडळांचे ईमेल इंग्रजीत, आणि लिहिणारे लोक असे की एका वाक्यात चार चार वाक्यं कोंबणार. जर, जोपर्यंत, ज्या अर्थी, सगळं एका दमात. दीर फोन घेऊन माझ्याकडे यायचा. "वहिनी, हे जरा बघा. हा धमकी देतोय का विनंती करतोय?" मी वाचून सांगायची, विनंती आहे, पण वेळेवर माल नाही पोचला तर धमकी समजायची. मग उत्तरही मीच लिहायची.

आता धाकट्या जावेचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय. ती रोहा तालुक्यातली, खाडीकाठच्या गावातली. वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. पोरगी हुशार, म्हणून मामाकडे रोह्याला ठेवून बारावीपर्यंत शिकवली, आणि बारावीला ती फक्त इंग्रजीत गेली. बाकी सगळ्यात पास. इंग्रजीचा पेपर अर्धा कोरा राहिला होता. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडचं स्थळ गेलं आणि लग्न झालं. तेव्हापासून ती कारखान्यात हात लावायची. म्हणजे मूर्तींना हात चिकटवायची. बारीक काम आहे ते. धड आणि हात दोन्ही सारखे ओले लागतात, एक वाळलेलं आणि एक ओलं असलं की सांध्याला तडा जातो. तिच्या हातच्या मूर्तीला तडा गेलेला मी तरी पाहिला नाही. दोन पोरं झाली, शाळेत जायला लागली, आणि हिचे हात लावणं चालूच.

एक दिवस शाळेतून आले तर ही ओटीवर माझी वाट बघत बसलेली. हातावर माती तशीच. म्हणाली, "ताई, आपल्या वाडीतली अंगणवाडीची सेविका पुढल्या वर्षी रिटायर होत्येय."

"बरं मग?"

"ती जागा निघंल. गावातलीच बाई लागते. पर बारावी पास लागते." आणि मग खाली बघून म्हणाली, "वयाची अट पस्तीस हाय. मला दोनच वर्षं उरली."

म्हणजे हिशोब उघड होता. ही जागा हुकली तर पुढची निघेपर्यंत ही म्हातारी व्हायची. मी विचारलं, "तुला खरंच करायचंय का कोणाचं बघून आलीस?" तेव्हा तिने मान वर केली. "ताई, मला माझी म्हणून एक नोकरी पायजे. घरच्या कामाला कोण काम म्हणतं? पोरं शाळेत लिहून आली, आई काय करते, तर काय लिहिलं ठाव हाय? काय नाय करत." तिचा आवाज असा होता की मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तिच्या जुन्या कॉलेजात जाऊन चौकशी केली. रिपीटर म्हणून बसता येतं, केंद्र रोह्यालाच, असं कळलं आणि फॉर्म भरून टाकला.

दिराला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला आठ्या घातल्या. नाही म्हणाला नाही, पण हो म्हणतानाही असा चेहरा केला की मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. "फेब्रुवारीत परीक्षा म्हणजे नेमकी बोटीची घाई. हात कोण लावंल?" मी म्हटलं, "तुमचे दोन आहेत की." त्यावर सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि विषय मिटला.

माझी शाळा सकाळची. रोज दुपारी घरी येऊन जेवणं झाली की कारखान्याच्या माळ्यावर आमची शाळा भरायची. खाली धडं वाळत असायची, त्यामुळे तो तासभर तिला मोकळा मिळायचा. क्लॉज मी तिला गणपतीवरून शिकवलेच नाहीत. ते तिला माहीत होतं, त्यात नवल काय? मी तिला जर-तर वरून शिकवले. आपल्या मराठीत हे शब्द जोडीने चालतात. जर आलं की तर येतं, जेव्हा आलं की तेव्हा, जो आला की तो, जरी आलं की तरी. दाराला कडी आणि कोयंडा दोन्ही. इंग्रजीत नुसती कडी. एकाच शब्दावर दार लागतं. म्हणून आपली पोरं 'दो' लिहून पुढे 'बट' ठोकतात आणि 'ॲज' लिहून पुढे 'सो'. त्यांना वाटतं दार उघडंच राहिलं. ती पोरं मूर्ख नाहीत, मराठी आहेत. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "म्हंजे मी तवा येडी नव्हते?"

मला असा संताप आला. तिचा नाही, तिला ज्यांनी तसं वाटायला लावलं त्यांचा. मी म्हटलं, "वेडी कोण म्हणालं तुला?" ती म्हणाली कोण नाय, पर वाटायचं. मग मी आवाज चढवून सांगितलं की आजपासून वाटलं तर माझ्याशी गाठ आहे. तिला माझ्या ओरडण्याची सवय होती. ती हसली आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

डिसेंबरपर्यंत तिला लांबलचक वाक्य समोर ठेवलं की ती बोट ठेवून सांगायची, हे उभं राहतंय, हे नाय राहत, हे कुठल्या शब्दाला धरून हाय. चुकायची, पण चुकली की स्वतःच चुक् करायची. दिराच्या फोनवरचा एक ईमेल तिने मला न विचारता वाचून दाखवला. दिराने लगेच दुसरा उघडून तिच्यापुढे धरला. मला वाटलं, झालं, जमलं, आता नुसता सराव. आणि इथेच आमचं घोडं अडलं.

नाताळच्या सुट्टीत मी तिला पहिल्यांदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला बसवलं. सकाळी माळ्यावर पाठवली, पोरांना सासूबाईंकडे दिलं, आणि खाली पायरीवर राखणीला बसले, कोणी हाक मारायला नको म्हणून. वेळ संपल्यावर वर गेले. पेपर हातात घेतला आणि पानं उलटत गेले. एकही उत्तर पुरं नव्हतं.

कोरं नव्हतं काहीच, हे विशेष. प्रत्येक प्रश्नाला काहीतरी होतं. वाक्यं जोडायच्या प्रश्नात तिने सगळीकडे फक्त मेन क्लॉज लिहून मागे मोकळी जागा सोडली होती. पत्राचा पत्ता आणि पहिली ओळ. निबंधाचं शीर्षक आणि पहिली ओळ. उताऱ्याच्या प्रत्येक उत्तराचे सुरुवातीचे चार शब्द. मग दुसऱ्या फेरीत काही ठिकाणी मधली वाक्यं भरलेली, तीही अर्ध्यापर्यंत. तिसऱ्या फेरीला वेळच उरला नव्हता.

"हे काय आहे?" मी ओरडलेच. "एक प्रश्न पुरा करून दुसरा घ्यावा, एवढं कळत नाही? हा काय पेपर आहे का मंडळाची ऑर्डर?"

ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. तिला खरंच कळत नव्हतं मी कशावर चिडलेय. म्हणाली, "ताई, एकेक कसं करणार? आधी सगळ्यांची धडं काढून घ्यायची, मग सगळ्यांचे हात, मग घासायचं, मग रंग. एकच घेऊन बसलं तर बाकीच्यांची माती वाळंल ना."

तिने पेपर कारखान्यासारखा सोडवला होता. लग्न झाल्यापासून ती दुसरं काही करत आली नव्हती, हातांना तीच सवय, डोक्यालाही तीच. त्यात तिची चूक तरी काय? कारखान्यात हीच पद्धत बरोबर आहे, तिच्यामुळेच तर मूर्तींना तडे जात नाहीत. पण बोर्डाच्या पेपरात अर्ध्या उत्तरांची रांग लावली की नापास, आणि दुसऱ्यांदा नापास म्हणजे अंगणवाडी कायमची गेली.

पुढचे आठ-दहा दिवस मी तिला सांगून सांगून दमले. एक पुरा कर, मग दुसरा. ती हो म्हणायची, पहिलं उत्तर सुरू करायची आणि दोन ओळींनी पेन आपोआप पुढच्या प्रश्नावर जायचं. पुढचं बाकी आहे हे दिसलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. मी ओरडले, समजावलं, पुढचे प्रश्न कागदाने झाकून ठेवले. काही उपयोग नाही. शेवटी एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी आजवर एकतरी गणपती पुरा केलाय का? हात लावले की गेला माझ्याकडनं. पुढं त्याचं काय व्हतं ते मी गाडीत भरतानाच बघते."

मी तशीच उठले आणि खाली कारखान्यात गेले.

दीर साचे पुसत होता. मी म्हटलं, "भाऊजी, हिला एक मूर्ती करू द्या. माती मळण्यापासून डोळ्यांपर्यंत. एकटीने. मध्ये कोणी हात लावायचा नाही."

"आणि ती कशाला?"

"अभ्यासासाठी."

तो हसायला लागला. "वहिनी, इंग्रजीच्या अभ्यासाला गणपती?" मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. "बरं, बाकी करू दे. आखणी मी करीन."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. आमच्याकडे ते काम घरच्या पुरुषाचं. सकाळी आंघोळ करायची, कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही, आतल्या खोलीत एकट्याने बसायचं. सासरे बसायचे, त्यांच्यानंतर दीर. बाकी कारखान्यात बायकांशिवाय पान हलत नाही, पण त्या खोलीत बाई ब्रश घेऊन बसलेली कोणी पाहिली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "आखणीसकट. तिची ती पुरी झाली पाहिजे."

"आपल्याकडं तसं चालत नाय, वहिनी. तुम्हाला ठाव हाय."

मला ठाऊक होतं. आणि मला हेही ठाऊक होतं की त्याच्या फोनवर त्या दिवशी सकाळीच एक भला मोठा ईमेल आलाय, आणि मी तो कधी वाचून देते याची तो तेव्हापासून वाट बघतोय. मी म्हटलं, "ठीक आहे. मग त्या मंडळाला उत्तर तुम्हीच लिहा. आज, उद्या आणि इथून पुढे."

त्याने हातातला साचा खाली ठेवला. मी काही मागे हटले नाही. हटायचा माझा स्वभावच नाही, आणि त्या दिवशी तर मी भांडायच्या तयारीनेच उतरले होते. सासूबाई दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना आमचं सगळं ऐकू जात होतं. दीर त्यांच्याकडे वळला, आई तूच सांग आता, अशा चेहऱ्याने. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान वर करून माळ्याच्या जिन्याकडे बघत म्हणाल्या, "कर गो, कर. बाप्पा काय नापास करतोय तुला? घरात ठेवू, विकायची नाय, म्हंजे झालं." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

तिने ती मूर्ती संक्रांतीच्या आसपास केली. लहानशी, वीतभर उंचीची, शाडूची. पहिल्या दिवशी नुसती चुळबुळ. धड काढलं आणि सवयीने दुसऱ्या साच्याकडे हात गेला. मी शाळेतून आल्यावर जाऊन बसायची समोर, आणि तिने इकडेतिकडे पाहिलं की नुसते डोळे वटारायची. हात लावले, ओल्या फडक्याने सांधे बसवले, आणि मग ती थांबली. इथून पुढे तिला काहीच सवयीचं नव्हतं. मूर्ती वाळेपर्यंत वाट बघणं तिला सगळ्यात जड गेलं. ती मूर्तीपाशी येऊन बसायची, उठायची, पुन्हा यायची. मग घासली, पांढरा दिला, अंगाचा रंग दिला, पितांबर, दागिने. दीर जाता येता बघायचा. एकदा फक्त कानाजवळचा रंग जाड झाला तेव्हा जाता जाता म्हणाला, "ब्रश आधी फडक्याला टेक."

आखणीच्या दिवशी ती पहाटे न्हाली आणि आतल्या खोलीत गेली. घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मी शाळेला जायची थांबले होते, हजेरीला उशीर झाला तर झाला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती बाहेर आली, कपाळावर घाम, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दीर आत गेला. मूर्तीपुढे उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "डावा डोळा जरा मोठा झालाय."

"पुसू?" तिने बाहेरूनच विचारलं.

"नको," तो म्हणाला. "चांगला हाय. राहू दे." आणि त्याने मूर्तीला हात जोडले. तिने पदराने तोंड पुसलं. मी चपला घातल्या आणि तडक स्टँडवर गेले, कारण अजून थोडी थांबले असते तर मीच रडले असते, आणि मला लोकांसमोर रडलेलं आवडत नाही.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा पेपरला बसवलं. वर गेले तर ती शेवटच्या पानावर होती. निबंधात खूप चुका होत्या, पत्राचा शेवट चुकलेला होता, पण प्रत्येक उत्तर पुरं होतं. एकामागून एक, क्रमाने. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी नंतर विचारलं, हे खरंच मूर्तीमुळे झालं का हो? मला काय ठाऊक. मी काही मानसशास्त्र शिकलेले नाही. मी एवढंच पाहिलं की पहिलं उत्तर संपल्यावर तिने पेन खाली ठेवलं, उत्तरावरून एकदा नजर फिरवली, आणि मग पुढचं घेतलं. आधी ती असं कधी करत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली आणि एसटीने तिच्याबरोबर रोह्याला गेले. कारखान्यात हात लावायचं काम दिराने स्वतः घेतलं होतं, चडफडत का होईना. नागोठण्याच्या पुढे गेल्यावर तिने विचारलं, "ताई, राहिले तर?" मी म्हटलं, "राहिलीस तर पुन्हा बसशील, आणि मी पुन्हा ओरडेन." पण वयाचं गणित मलाही येत होतं.

केंद्राबाहेर झाडाखाली आईबाप बसले होते. मीही बसले. शेजारच्या बाईने विचारलं, मुलगी बसलीय का? मी म्हटलं, जाऊ बसलीय. ती जरा सरकून बसली आणि पुन्हा वळून म्हणाली, "जाऊ? आणि तुम्ही आलात बरोबर?" मी म्हटलं, हो, का?

पेपर सुटला. पोरांचा लोंढा बाहेर आला, घोळके करून उत्तरं ताडून बघत. ही सगळ्यात शेवटी आली, पिशवी खांद्याला, चालत. इतके महिने जी बाई प्रत्येक वाक्यानंतर माझ्या तोंडाकडे बघत होती, बरोबर का ताई म्हणून, ती जवळ येऊन म्हणाली, "भूक लागलीय."

आम्ही वडापाव घेतला. ती शांतपणे खात होती. शेवटी मलाच राहवलं नाही. "पुरा झाला?"

"व्हय."

"सगळा?"

"सगळा. वेळ उरला, पुन्हा वाचून काढला." मी पुढे काही विचारणार तेवढ्यात तिने हात वर केला. "ताई, आता काय विचारू नका. मी लिवलंय ते मला ठाव हाय." माझ्या वर्गातल्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. तिचं ऐकून मी आणखी एक वडापाव मागवला.

निकाल लागला तेव्हा कारखान्यात गणपतीची लगीनघाई होती. तिचे हात कोपरापर्यंत मातीचे, म्हणून फोनवर नंबर मीच टाकला. इंग्रजीत पासापुरते पस्तीस लागत होते, तिला पन्नासच्या वर मिळाले होते. मी मोठ्याने वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा दिराने वाचायला लावलं, आणि फोन घेऊन तो जो बाहेर गेला तो पेढे घेऊनच परत आला. कारखान्यात मूर्ती बुक करायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने आधी पेढा दिला, मग मूर्ती दाखवली. "आमची मंडळी बारावी झाली. इंग्रजी घेऊन," असं सांगायचा. जसं काही बाकीचे लोक इंग्रजी न घेता बारावी होतात. मी त्याला टोकलं नाही.

जागेसाठी आणखी दोघींचे अर्ज होते. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. यादी लागली तेव्हा तिचं नाव पहिलं होतं. मला अभिमान वाटला. तिचा वाटला आणि माझाही वाटला, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून किती पोरं पास झाली, काही मोठ्या पगाराच्या नोकऱ्यांना लागली, दिवाळीला भेटायला येतात. पण त्यांच्यातल्या एकाच्याही निकालाने माझी झोप उडाली नव्हती. हिच्या कामावर दिराला दोन बायका ठेवाव्या लागल्या, आणि तो अजून म्हणतो, पहिल्यासारखे हात लागत नाय.

परवाचीच गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, आम्ही दोघी पेणच्या बाजारात गेलो होतो. भाजी घेऊन परत निघालो, तर मागून कोणीतरी हाक मारली, "ओ बाई!" मी थांबून वळले. पेणच्या बाजारात अशी हाक आली की ती मला असते, इतकी वर्षं असतेच. बघते तर आमच्याच वाडीतली एक सून, कडेवर पोर. मी विचारलं, "काय गो?"

ती ओशाळून हसली. "तुम्हांला नाय ओ. ह्या बाईंना." आणि मला वळसा घालून माझ्या जावेपुढे जाऊन उभी राहिली. पोराला उद्यापासून अंगणवाडीत आणू का, रडला तर काय करायचं, डब्यात काय द्यायचं, तिचे एकामागून एक प्रश्न सुरू झाले. माझी जाऊ हातातली पिशवी खाली ठेवून, त्या पोराचा हात धरून, एकेकाचं उत्तर देत होती. तिने माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी तिची पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला उभी राहिले.